पाच नंबर कोण घालतं?

"मॅडम, तुमच्याकडे प्रोजेक्टरची वायर असेल का एखादी?" निनाद केसकरनं मला विचारलं.

आपली खुर्ची राहते की जाते हे ठरवायला समोर तीन माणसं बसलीत, आणि हा गृहस्थ बावीस पानांचं प्रेझेंटेशन घेऊन आला आणि वायर घरी विसरला.

"आम्ही बॉल घेऊन फिरायचो, केसकर. वायरी घेऊन नाही."

वसंतराव डोरले खो-खो हसले. त्यांच्या शेजारी चिंचोळकर सर बसले होते, निवृत्त क्रीडा अधिकारी. त्यांनी तर्री-पोह्यांच्या प्लेटमधून मान वर केली, काय झालं ते कळलं नाही म्हणून पुन्हा खाली घातली. केसकरनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "हरकत नाही, असंच दाखवतो," तो म्हणाला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. नागपूरचा मे महिना, दुपारचे दोन, स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची खोली, आणि कूलर असा की हवा कमी, आवाज जास्त. बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं तिसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. सहा संघ, त्यात आमचा 'नागपूर वाघिणी' पाचवा. डोरले संघाचे मालक, धंदा सिमेंटच्या पाइपांचा. केसकर जनरल मॅनेजर. कोणती खेळाडू घ्यायची, कोणती ठेवायची, कोणती सोडायची, सगळं त्याच्या सहीनं चालायचं. पोरी त्याला 'जीएम सर' म्हणायच्या. मी पाठीमागे 'भैताड' म्हणायची. बिनडोक माणसाला आमच्या नागपुरात भैताड म्हणतात, आणि याच्यासाठी मला दुसरा शब्द सुचत नव्हता.

हा पुण्याचा. वय तेहतीस, कुठल्या तरी परदेशातून खेळाच्या व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेला. हातात बॉल कधी घेतला नाही. मॅच चालू असताना कोर्टाजवळ यायचा नाही, वर काचेच्या खोलीत बसून टकटक करायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात पोरींना शर्ट दिले ते असे जाड, की पहिल्या मॅचला दोघी भोवळ येऊन पडल्या. एक सहा फूट पाच इंचांची परदेशी बाई मोठा गाजावाजा करून आणली, ती ऊन पाहून नवव्या दिवशी परत गेली. आणि पोरींना हा काय म्हणायचा? 'ॲसेट'. ॲसेट म्हणे! हाडामांसाच्या पोरी माझ्या, गोदामातला माल नव्हे.

मी शालिनी लांजेवार. बारा वर्षं राज्याकडून खेळले, पाच नंबरच्या शर्टात. डोरलेंनी संघ काढला तेव्हा माझा तो शर्ट काचेत घालून स्कोअरबोर्डच्या वर लावला आणि जाहीर केलं की या संघात पाच नंबर कुणी घालणार नाही. आमच्या खेळात हा फार मोठा मान. त्या काचेखालून जाताना मी मुद्दाम वर पाहत नसे. पण काच आज पुसली आहे की नाही, एवढं मला रोज माहीत असायचं.

मूल्यमापनाचा एक छापील कागद होता. दहा रकाने, प्रत्येकाला दहा मार्क. शंभरात चाळीसच्या खाली गेला की जीएम घरी. आणि त्याच दिवशी, पाच वाजायच्या आत, पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या बारा खेळाडूंची यादी जीएमच्या सहीनं लीगच्या कार्यालयात जायला हवी होती. यादीत नाव असलं तर हॉस्टेल, जेवण, फिजिओ सगळं चालू. नसलं तर आठ दिवसांत खोली रिकामी करायची.

मी त्या समितीत बसले ती एका नावासाठी. मैना कोवे.

मैना गडचिरोलीची, धानोऱ्याकडची. आश्रमशाळांच्या स्पर्धेत मी तिला पाहिलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, पायात चप्पलसुद्धा नव्हती, आणि बाकीच्या पोरी उडी मारून जिथं पोचत होत्या तिथं हिचा हात उभ्या-उभ्या जात होता. तिच्या बापाशी दोन दिवस बोलून मी तिला नागपूरला आणलं. आता ती वीसची होती, सहा फूट, चौदा नंबरचा शर्ट, संघातली सगळ्यात चांगली सेंटर, म्हणजे बास्केटखालची खेळाडू. एप्रिलमध्ये एका मॅचला तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, आठ महिने रोज दोनदा व्यायाम करून घेतला तर ही पुन्हा खेळेल, आणि मध्येच सोडला तर गुडघा धड वाकणारही नाही. तिच्या गावात फिजिओ कुठून येणार? आठवडी बाजारालाच नऊ किलोमीटर जावं लागतं. यादीत नाव म्हणजे तिचा पाय होता, दुसरं काही नाही.

सकाळी मी हॉस्टेलवर गेले तेव्हा ती पत्र्याच्या पेटीवर पाय ठेवून बसली होती.

"ताई, माझं नाव राहीन नं?"

"मी बसली आहे नं तिथं," मी म्हटलं. "कोण काढते पाहते."

ती हसली. मग उशीखाली काहीतरी सारत म्हणाली, "ताई, एक सांगाचं होतं तुमाले. पण आता नाही. पक्कं झाल्यावर."

कानापर्यंत लाल झाली होती. मला वाटलं कुठं सोयरीक जुळली असेल. "बरं, आल्यावर सांग," म्हणून मी निघाले.

भीती केसकरची तर होतीच, डोरलेंची जास्त होती. त्यांनी त्याच आठवड्यात पेपरवाल्यांना सांगितलं होतं, "वाघिणी म्हणजे पळणाऱ्या पाहिजेत. लंगड्या वाघिणी घेऊन मी काय सर्कस काढू?" ते यादी कधी वाचत नसत, पण एखादं नाव कानावर पडलं की तिथल्या तिथं कात्री लावायचे. म्हणून त्या दिवशी जिन्यात त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मला आभाळ ठेंगणं झालं.

"मॅडम, हा केसकर गेला तर आजची यादी तुमीच करा नं. तुमच्यापेक्षा पोरी कोणाले माहीत?"

म्हणजे केसकरला पाडायचं, यादी हातात घ्यायची, मैनाचं नाव टाकायचं. मी तयारीनं वर गेले.

तर केसकर लॅपटॉपवर बोटं नाचवत होता. "दुसऱ्या सत्रात आपली रिबाउंडची टक्केवारी अकरानं सुधारली..."

"केसकर," मी मध्येच थांबवलं. "बारा पोरींची नावं सांगा."

"सॉरी?"

"नावं. तुमच्या ॲसेटांची. आई-बापानं ठेवलेली."

तो चष्मा सारखा करत म्हणाला, "मी कामात नंबर वापरतो, मॅडम. नाव आलं की माणूस पक्षपाती होतो."

"हो का? म्हणजे नावं येत नाहीत."

"तसं नाही..."

"अहो तसंच आहे! तीन वर्षं झाली. कोपऱ्यावरचा चहावाला सांगेल बाराही नावं, आणि तुम्हाला वायर पाहिजे!"

डोरले पुन्हा हसले. मला चेव आला होता. खरं सांगते, मजा येत होती. त्या माणसाचं घामेजलेलं कपाळ पाहून मला आतून बरं वाटत होतं.

"बरं, यादी दाखवा," मी म्हटलं.

त्यानं एक कागद पुढं केला. त्याच्यावरही नावं नव्हती, फक्त बारा नंबर. चार, पाच, सहा, सात, नऊ, अशी खाली वीसपर्यंत उतरण. मी बोट धरून वाचत गेले. चौदा नव्हता. पुन्हा वाचलं. नव्हताच. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"चौदा कुठं आहे?"

"चौदा नंबर रिकामा केलाय," केसकर म्हणाला.

"रिकामा केलाय! पोरगी काय पिंप आहे रिकामं करायला?" आणि मग माझी नजर वर गेली. "आणि हा पाच? केसकर, पाच नंबर कोण घालतं या टीममध्ये?"

त्यानं एकदा डोरलेंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं बाहेर येता का? तुम्हाला एकटीला सांगतो."

"एकटीला काय सांगायचं? समितीसमोर सांगा."

"इथं नाही सांगता येणार."

"कारण तुम्हाला माहीतच नाही! पाच नंबर खाली भिंतीवर टांगलाय, केसकर. काचेत. रोज त्याच्याखालून जाता तुम्ही. तो खेळाडू नाही हो, तो माझा जुना शर्ट आहे! तुम्ही पुढच्या वर्षी शर्टाला खेळवणार आहात काय?"

डोरले हसता-हसता खोकायला लागले. चिंचोळकर सरांनी त्यांना पाणी दिलं आणि मग तेही हसले. केसकर माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, मला तो बावळटपणा वाटला.

"काही बोलायचंय?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

मार्क द्यायला आम्हाला वीस मिनिटंही लागली नाहीत. डोरले म्हणाले, "मॅडम, तुमीच भरा, आमी सह्या करतो." मी भरत गेले. नियोजन, दोन. खेळाडूंची निवड, तीन. चिंचोळकर सर तेवढ्यात म्हणाले, "पण ते फिजिओ त्यानंच आणली नं हो? आधी तं नव्हती आपल्याकडे."

"आणली. मग? आरती ओवाळू का त्याची?"

सरांनी पुन्हा प्लेट पुढं ओढली. शेवटचा, दहावा रकाना होता 'खेळाडूंची जाण'. तिथं मी शून्य काढलं, चांगलं मोठं, दोनदा गिरवून. बेरीज एकोणीस झाली.

पावणेचारला केसकरला आत बोलावून डोरलेंनी सांगितलं. त्यानं वाद घातला नाही, विनवणी केली नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ती यादी तशीच जाऊ द्या. प्लीज. काही बदलू नका त्यात."

म्हणजे बघा, जाता-जाताही याला स्वतःच्या कागदाचंच पडलं होतं!

"तुमचं काम झालं, केसकर," मी म्हटलं. "दार ओढून घ्या, कूलरची हवा जाते."

तो गेला. मी पेन काढलं. "साहेब, द्या कोरा कागद. यादी लिहिते."

डोरलेंनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, त्याचं असं आहे... तुमी समितीत होत्या. तुमीच काढलं आणि तुमीच खुर्चीवर बसल्या, लोक काय म्हणतीन? आजच्या दिवस आपला विक्की करते सही."

"अहो पण तुम्ही जिन्यात म्हणालात..."

"म्हटलं असीन. विक्की!"

विक्की म्हणजे डोरलेंचा पुतण्या. डोक्यावर गॉगल चढवलेला, तोंडात सुपारी. तो केसकरच्या खुर्चीत बसला आणि केसकरचाच कागद समोर ठेवून टाइप करायला लागला. इतका वेळ मी केसकरला भैताड समजत होते, आणि खरा भैताड आता माझ्यासमोर दोन बोटांनी संघाचं भवितव्य लिहीत होता.

"काका, या पाचचं काय करू?"

"मॅडम म्हणाल्या नं, पाच कोणीच नाही. खोड ते. त्याच्या जागी ते राजनांदगावची पोरगी टाक, आपल्या डीलर गुप्ताजींची भाची."

"साहेब!" मी उठले. "तिथं मैनाला टाका. चौदा नंबर, मैना कोवे. आठ महिन्यांत उभी राहते ती, डॉक्टरचा कागद आहे माझ्याजवळ."

"ते लंगडी?" डोरले म्हणाले. "काहून बापा? केसकरनं तरी कुठं ठेवली होती तिले? तुमीच ओरडल्या नं, चौदा कुठं गेला म्हणून."

"त्यानं चूक केली होती!"

"आणि पाचची चूक तुमी पकडली, ते आपण दुरुस्त केली. आता किती दुरुस्त करता?"

मी हात जोडले. आयुष्यात रेफ्रीपुढं जोडले नव्हते, ते सिमेंटच्या पाइपवाल्यापुढं जोडले. विक्कीनं चार वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबलं आणि म्हणाला, "गेली."

मी खाली आले तेव्हा केसकर स्कूटरच्या पुढच्या जागेत एक खोका बसवायचा प्रयत्न करत होता. खोका मावत नव्हता. मला पुन्हा तेच वाटलं, याला साधा खोका ठेवता येत नाही. आणि मला कुणावर तरी ओरडायचंच होतं.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "एक चौदा नंबर लिहिला असता तर काय बिघडत होतं? तुमच्या त्या खुळ्या पाचपायी पोरीचा पाय गेला!"

त्याच्या हातातला खोका खाली गेला. "म्हणजे? यादी तशी नाही गेली?"

"पाच खोडला त्यांनी. खोडणारच. नसलेल्या खेळाडूचा नंबर..."

"मॅडम," केसकर म्हणाला, "पाच नंबर म्हणजे मैना."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तिनं मागितला होता. पुढच्या वर्षी तिला तुमचा नंबर घालायचा होता. तुम्हाला आधी कळू द्यायचं नव्हतं, पहिल्या मॅचला एकदम घालून येणार होती. पंधरा दिवसांपूर्वी लीगला अर्ज गेलाय, मंजूरही झालाय. म्हणून चौदा रिकामा."

"मग बोलला का नाहीत तिथं?"

"डोरले साहेबांसमोर? मैना म्हटलं असतं की संपलंच होतं. नाव लिहिलं की ते विचारतात, ही कोण, कुणाची, कशाला ठेवली. नंबर लिहिला की विचारत नाहीत. तीन वर्षं म्हणून नंबरच लिहितोय मी. सुषमाला असंच ठेवलं, रजियाला असंच ठेवलं, तिच्या बाळंतपणानंतर." तो खोका पुन्हा उचलायला वाकला. "तुम्हाला बाहेर बोलावत होतो मी. आणि मला वाटलं, बाकी कुणाला नाही तरी पाच म्हटल्यावर तुम्हाला कळेल."

मी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होते. धावत वर गेले. खोलीला कुलूप होतं, डोरलेंचा फोन बंद होता. लीगच्या कार्यालयात फोन लावला, तिथली बाई शांतपणे म्हणाली की संघाच्या जीएमच्या सहीशिवाय काही बदलता येत नाही. तुमचे जीएम कोण आहेत सध्या, असंही तिनं विचारलं.

मैनाचा उजवा गुडघा आज अर्धाच वाकतो. माझ्या घरी राहा, मी फिजिओ पाहते, असं मी तिला पुढं कितीदा म्हटलं. ती राहिली नाही. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात आहे ती आता, खाली बसता येत नाही म्हणून उभ्यानं पोळ्या लाटते. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला फक्त हॉस्टेलचे दोन जिने चढायचे होते, आणि ते चढवत नव्हते.

ती तशीच पेटीवर पाय ठेवून बसली होती. मला पाहून तोंडभर हसली.

"झालं नं ताई? आता सांगते. डोळे मिटा."

मी मिटले. माझ्या हातावर काहीतरी मऊ पडलं. उघडून पाहिलं तर सरावाचा शर्ट होता, आणि त्याच्या पाठीवर लाल कापडाचा पाच, हातानं टाके घालून शिवलेला. टाके वाकडेतिकडे होते. झोपल्या-झोपल्या शिवले असणार.

"त्या काचेतला तं नाही मागितला मी," ती घाईघाईनं म्हणाली. "तो तुमचाच. हा बस नंबर. चालते नं ताई?"

मी त्या टाक्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिले. जन्मभर फटकळ म्हणून नाव कमावलं होतं मी.

"सर कुठं आहेत?" तिनं विचारलं. "त्यायले पण दाखवाचं होतं. अर्ज त्यायनंच लिवून देला. म्हणे, ताईले सांगू नको."

"सर गेले, मैना."

"पुण्याले?"

"काढलं त्यांना."

"कोणं?"

"मी."

शर्ट माझ्या हातातून घेऊन तिनं मांडीवर ठेवला, पाच आत जाईल अशी घडी घातली. रागावली नव्हती. तिला अजून काही कळलंच नव्हतं.

"पण माझं नाव राहिलं असन नं?" मैना म्हणाली. "तुमी होत्या नं ताई तिथं."